'हृदयाचा रक्तपुरवठा' की 'हृदयाला होणारा रक्तपुरवठा'?

डिचोलीहून प्रश्न

आमच्या मंडळाचं आरोग्य शिबिर आहे, त्यासाठी मराठीत पत्रक करतोय. मसुद्यात वाक्य आहे: 'हृदयाचा रक्तपुरवठा खंडित झाला की झटका येतो.' एका सभासदाची शंका अशी की, हृदय तर सगळ्या अंगाला रक्त पुरवतं. मग त्याचा पुरवठा खंडित म्हणजे अख्ख्या शरीराचा का? शिवाय 'कोरोनरी आर्टरी'ला मराठीत काय लिहायचं?

फोंड्याहून उत्तर

शंका रास्त आहे. षष्ठीचा 'चा' दोन्ही बाजूंनी लागतो. 'वाघाची भीती' म्हटलं तर भीती आपल्याला वाटते, 'पोराची भीती गेली' म्हटलं तर ती पोराला वाटत होती. विभक्ती तीच, अर्थ उलटा. म्हणून इथे चतुर्थी घ्या: 'हृदयाला होणारा रक्तपुरवठा'. पत्रक वाचणाऱ्याला संदर्भावरून अर्थ लावत बसायला लागू नये.

हा फरक नुसता व्याकरणाचा नाही. हृदयाचे कप्पे रक्ताने भरलेले असतात, त्यामुळे त्याला वेगळा पुरवठा कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण त्या रक्तातला प्राणवायू आतल्या पातळ अस्तरापलीकडे फारसा पोचत नाही. भिंत जाड स्नायूची आहे, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. महाधमनी हृदयातून निघते, तिथे झडपेच्या लगेच वर दोन धमन्या फुटतात, एक उजवी, एक डावी. डावीच्या पुढे दोन मोठ्या शाखा होतात: एक पुढच्या बाजूने खाली उतरते, दुसरी डावीकडून मागे वळते. म्हणजे फुप्फुसांतून ताजा प्राणवायू घेऊन आलेलं रक्त बाहेर पडतं, त्यातला पहिला वाटा हृदय स्वतःसाठी घेतं. आपण स्वस्थ बसलेलो असताना हा वाटा एकूण रक्ताच्या सुमारे ५ टक्के, मिनिटाला साधारण पाव लिटर.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाकीचं शरीर विश्रांतीत रक्तातला साधारण पाव हिस्साच प्राणवायू काढून घेतं, हृदय मात्र ७० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जिना चढताना गरज वाढली तर त्याच रक्तातून जास्त प्राणवायू काढायला फारशी जागाच नसते. रक्तच जास्त यावं लागतं. निरोगी धमन्या त्या वेळी रुंदावतात आणि प्रवाह चार-पाच पट वाढतो. अरुंद झालेल्या धमनीला ते जमत नाही, म्हणून चढावर छातीत कळ येते आणि थांबलं की बरं वाटतं. ओला फडका पिळावा तसा हृदयाचा स्नायू आकुंचन पावताना आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे डाव्या भिंतीला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या सैलावण्याच्या वेळात मिळतं. ठोके फार जलद झाले की गरज वाढते आणि नेमका हाच वेळ कमी होतो.

तेव्हा वाक्य असं करा: 'हृदयाच्या स्नायूच्या एखाद्या भागाला होणारा रक्तपुरवठा अडला की झटका येतो.' 'एखाद्या भागाला' हे शब्द काढू नका. झटक्यात बहुधा एखादी शाखा गुठळीने बंद होते, सगळं हृदय एकदम नव्हे.

काणकोणहून

'झटका' आणि 'हृदय बंद पडणं' हेही वेगळं ठेवा. आपल्याकडे दोन्हींना सर्रास 'हार्टफेल' म्हणतात. झटका आलेला माणूस पुष्कळदा शुद्धीवर असतो, बोलत असतो. घरच्यांना वाटतं, बोलतोय म्हणजे काही नाही, आणि वेळ जातो.

'काळीज' हा शब्दही पत्रकात जपून वापरा. गोव्यात कोंकणीच्या सवयीने काळीज म्हणजे हृदयच. पण मराठीत, विशेषतः घाटावर, तो यकृतालाही लागतो.

डिचोलीहून

आभार. आता धमनी, रोहिणी की शीर? गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) तपासून आलेली माणसं 'दोन शिरा ब्लॉक आहेत' असंच सांगतात.

फोंड्याहून

पुस्तकी मराठीत शीर किंवा नीला म्हणजे हृदयाकडे रक्त परत आणणारी. बाहेर नेणारी ती धमनी किंवा रोहिणी. हृदयातही दोन्ही आहेत, आणि ब्लॉक होतात त्या धमन्या. पण बोलताना शीर म्हणजे कुठलीही रक्तवाहिनी, हा अर्थ लोकांत पक्का रुजलाय आणि त्याला चूक म्हणायचं कारण नाही. पत्रकात पहिल्यांदा 'हृदयधमनी (हृदयाला रक्त देणारी शीर)' असं लिहा, पुढे नुसतं 'हृदयधमनी'. रोहिणी हा शब्द मला आवडतो, पण शिबिराला येणाऱ्याला ते नक्षत्र वाटेल. कोरोनरीचं मूळ लॅटिनमधल्या मुकुटाच्या शब्दात आहे, या धमन्या हृदयाभोवती मुकुटासारख्या वेढा घालतात म्हणून. तरी 'किरीटधमनी' वगैरे नवं काही घडवू नका.

आणि पत्रकाच्या वरच्या भागात मोठ्या अक्षरांत घाला: छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, असं झालं तर थांबून न राहता १०८ ला फोन करा. मधुमेही आणि वयस्क माणसांना कधी कधी कळ न येता नुसती धाप लागते, तेही लिहा.