टी५ की एलईडी: वॅटचा हिशोब सोडा

झाडं लावलेल्या दोन फुटी माशांच्या टाकीवर टी५ (म्हणजे बारीक ट्यूबलाइट) लावावी की एलईडी, असा प्रश्न आहे. त्यासाठी 'लिटरला एक वॅट' हा सुचवला जाणारा हिशोब ट्यूबलाइटच्या जमान्यातला आहे. चांगला एलईडी तेवढ्याच विजेत ट्यूबपेक्षा बराच जास्त उजेड देतो, त्यामुळे तो आकडा धरलात तर टाकीत शेवाळाचीच शेती होईल.

दिव्याच्या खोक्यावरच्या लुमेनवरही (उजेडाचं माप) फार भिस्त नको. ते माणसाच्या डोळ्याचं माप, म्हणजे हिरव्या-पिवळ्या उजेडाला झुकतं. झाडांसाठी 'पार' (PAR) बघायचा: झाडांना अन्न बनवायला लागणारा ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश, आणि तोही वाळूपाशी किती पोचतो ते. दिवा वर उचलला की तो झपाट्याने घटतो.

टी५ वाईट नाही, उजेड छान पसरतो. पण ट्यूब चारी बाजूंना प्रकाश फेकते, म्हणून चांगला रिफ्लेक्टर हवाच. शिवाय त्यात पारा, दर वर्ष-दीड वर्षाला ट्यूब बदलणं आणि वर उष्णता. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ती कशाला वाढवायची? मी एलईडीच घेईन, ६५०० केल्विनच्या आसपासचा (म्हणजे दिवसासारखा पांढरा), डिमर असलेला. बजेट कमी असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला आयपी६५ (धूळ-पाण्यापासून बचाव असलेला) फ्लडलाइट लटकवूनही काम भागतं. रंग जरा फिके दिसतात, झाडांची तक्रार नसते.

झाडांसाठी पाण्यात सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देणार नसाल तर अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन अशी कमी उजेडात तगणारी झाडं लावा आणि उजेड मंदच ठेवा. टायमरवर सहा तासांपासून सुरुवात करा. टायमर मात्र दिव्याआधी घ्या.