पेज एजन्सीला देऊन भागत नाही
वर कुणीतरी म्हटलंय की विद्यापीठानं शिकवावं, परीक्षा घ्याव्यात आणि फेसबुक-इन्स्टा एजन्सीकडे देऊन मोकळं व्हावं. मला नाही पटत. एजन्सी पदवीदानाचे फोटो छान टाकेल, पण निकाल कधी हे परीक्षा विभागच सांगू शकतो ना. २०१७ ला मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन, म्हणजे संगणकावर तपासणी आणली, कायद्यात ४५ दिवसांची मुदत असून निकाल रखडले, कुलगुरूंचं पद गेलं, तेव्हा पोरांना हवी होती ती पक्की माहिती, फोटो नव्हे.

माझी भाची दुसऱ्या एका विद्यापीठात आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री व्हॉट्सॲपवर 'उद्याचा पेपर पुढे ढकलला' असं पत्रक फिरलं, लेटरहेड, शिक्का, जावक क्रमांक सगळं जागच्या जागी, फक्त झूम केल्यावर तारखेच्या आकड्यांचा फॉन्ट वेगळा दिसत होता. विद्यापीठाच्या पेजवर शेवटची पोस्ट योगदिनाची. खुलासा आला सकाळी, वेबसाइटच्या कोपऱ्यात, तोवर गावाकडच्या कितीतरी पोरींची पहिली एसटी निघून गेली होती. परीक्षा विभागातल्या एका जबाबदार माणसाकडे त्या पेजचा पासवर्ड असता तर रात्रीच दोन ओळी टाकता आल्या असत्या, आणि त्या पोरी वेळेवर पेपरला पोचल्या असत्या.