पॅनिक अटॅक, धडधड आणि दिवसभराची धास्ती : तुम्ही काय करता? सल्ला हवाय

कातरवेळ
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच. गेल्या काही महिन्यांपासून मला मधूनच छातीत धडधड, दरदरून घाम, हात थरथरणं, बोटांना मुंग्या आणि आत्ता आपण मरणार नाहीतर वेड तरी लागणार असं वाटण्याचे झटके येताहेत. पहिल्यांदा आला तेव्हा हार्ट अटॅकच वाटला, इमर्जन्सीत नेलं, ईसीजी आणि रक्ततपासण्या सगळं नॉर्मल. पॅनिक अटॅक आहे, टेन्शन घेऊ नका म्हणाले आणि घरी पाठवलं. टेन्शन घेऊ नका हे सगळेच सांगतात, पण न घेण्यासाठी करायचं काय ते कुणी सांगत नाही. आता लिफ्ट टाळते, गर्दीची बस टाळते, मीटिंगला दाराजवळची खुर्ची धरते, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि डॉक्टरांनी लागली तर घ्या म्हणून दिलेली गोळी असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. अटॅक काही रोज येत नाही, पण येईल की काय ही धास्ती मात्र उठल्यापासून झोपेपर्यंत. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा, त्या क्षणी नक्की काय करता? थेरपीने खरंच फरक पडतो का? औषधं सुरू केली की सवय लागते का? पॉझिटिव्ह विचार करा एवढं प्लीज सांगू नका, ते करून झालंय.

मधली_सुट्टी
कातरवेळ, तुमचा शब्द न् शब्द ओळखीचा आहे. मला हा त्रास काही वर्षं होता, आता जवळजवळ नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शरीरात काय होतं ते समजून घ्या, निम्मी भीती तिथेच कमी होते. धोका दिसला की पळता यावं म्हणून शरीर जी तयारी करतं ती धोका नसतानाच सुरू होते, एवढंच आहे हे. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात धावतं, श्वास भराभर व्हायला लागतो, आणि श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. चक्कर, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, आजूबाजूचं सगळं खोटं खोटं वाटणं, हे बरंचसं त्यामुळे. श्वास अडकतोय असं वाटत असतं पण ऑक्सिजन कमी पडलेला नसतो. साधारण १० मिनिटांच्या आत अटॅक कळसाला पोचतो आणि मग उतरायला लागतो, आपण काहीही केलं नाही तरी उतरतो. भोवळ येऊन पडेन अशी भीती बहुतेकांना असते, पण अटॅकमध्ये बीपी सहसा वाढतं आणि भोवळ येते ती बीपी घसरल्यावर, त्यामुळे पडायची शक्यता फार कमी (रक्त किंवा सुई बघून ज्यांना घेरी येते त्यांचं वेगळं).

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. अटॅक थांबवायच्या मागे लागू नका. हे पॅनिक आहे, वाढेल आणि उतरेल असं मनाशी म्हणायचं, आहोत तिथेच थांबायचं, हातातलं काम जमेल तसं सावकाश चालू ठेवायचं. दाराकडे धावलं की लगेच बरं वाटतं हे खरंय, पण मेंदू त्यातून शिकतो की पळाले म्हणून वाचले, म्हणजे जागा खरोखरच धोक्याची होती, आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. आधी लिफ्ट, मग बस, मग दुकान, मग घराबाहेर पडणंच नको, असं करत करत सगळं जग आकसतं. अटॅक काही मिनिटांचा असतो, हे टाळणं मात्र माणसाचं आयुष्य खातं.

साधा_वाचक
दीर्घ श्वास घ्या, मोठ्ठा श्वास आत. मला नेहमी उपयोग होतो.

मधली_सुट्टी
@साधा_वाचक, एक सांगू का, अटॅकमध्ये मोठे मोठे श्वास भरून घेतले तर मुंग्या आणि चक्कर वाढू शकते, कारण आधीच श्वास जास्त होत असतो. त्यापेक्षा नाकाने हलका श्वास आत आणि त्याच्या दुप्पट वेळ घेत हळूहळू बाहेर. चारपर्यंत मोजत आत, सहा-आठपर्यंत मोजत बाहेर असं साधारण. कागदी पिशवीत श्वास घ्या असंही जुने लोक सांगतात, ते मुळीच करू नका, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते धोक्याचं ठरू शकतं. आणि श्वासाचा सराव बरं वाटत असताना रोज करायचा, तरच ऐन वेळी जमतो.

पाऊलवाट
थेरपीबद्दल मी सांगतो. हो, फरक पडतो, आणि पॅनिकसाठी सीबीटीचा (विचार करायची आणि वागायची पद्धत बदलायला शिकवणारी थेरपी) जितका अभ्यास झालाय तितका फार थोड्या उपचारांचा झाला असेल. छातीतली धडधड हा नुसता सिग्नल असतो, तिचा 'आता मी मरणार' असा अर्थ लावला की भीती वाढते, भीती वाढली की धडधड आणखी वाढते, हे चक्र डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये मांडलं होतं आणि उपचार त्याच चक्रावर काम करतात. माझ्या थेरपिस्टने माझ्याकडून मुद्दाम धडधड आणि चक्कर आणवली होती. जागच्या जागी धावणं, फिरत्या खुर्चीत गोल गोल फिरणं, स्ट्रॉमधून श्वास घेणं. ऐकायला अघोरी वाटेल पण तीच संवेदना पुन्हा पुन्हा येऊन काहीच वाईट घडत नाही हे शरीराला पटलं की तिची दहशत जाते. तुमच्या तुम्ही लगेच सुरू करू नका मात्र, दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

थेरपिस्ट निवडताना पहिल्याच भेटीत सरळ विचारा की पॅनिकवर सीबीटी करता का आणि टाळलेल्या गोष्टींना सामोरं जायचा सराव करून घेता का. नुसत्या गप्पा मारून मन हलकं होतं, पण पॅनिकला तेवढं पुरत नाही.

उंबरठा
औषधांचं माझ्याकडून. दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एसएसआरआय म्हणजे नैराश्यावर आणि चिंतेवर रोज घ्यायच्या गोळ्या, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम वगैरे, यांची नशेसारखी चटक लागत नाही, पण परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि सुरुवातीला थोडी अस्वस्थता वाढू शकते, म्हणून डॉक्टर कमी डोसने सुरू करतात. नेमकं तेव्हाच घाबरून खूप जण सोडून देतात. बरं वाटायला लागलं म्हणून एकदम बंदही करायची नाहीत, डॉक्टरांना विचारून हळूहळू. दुसरा प्रकार अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लगेच आराम पडतो पण सवय लागू शकते, म्हणून थोड्या दिवसांसाठी आणि सांगतील तेवढ्याच. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून आणलेली गोळी तर नकोच नको.

आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासलंय का? थायरॉइड वाढला तरी धडधड आणि घाम येतो. कॉफी किती होते तेही बघा. दारूने रात्री शांत वाटलं तरी दुसऱ्या दिवशी बेचैनी वाढते.

घरचा_माणूस
माझ्या बायकोला हा त्रास आहे, म्हणून घरच्यांसाठी दोन ओळी. 'काही नाही झालं तुला' म्हणू नका, तिला ते खोटं ठरवल्यासारखं वाटतं. मी जवळ बसतो, हळू आवाजात 'मी आहे, उतरेल हे' एवढंच म्हणतो. हात धरू का असं विचारतो, काहींना त्या वेळी स्पर्श नको असतो. तिच्या वतीने सगळी कामं मी उरकायला लागलो तर तिचं बाहेर पडणं बंद होईल असं थेरपिस्टने समजावलं, तेव्हापासून बरोबर जातो पण काम तिचं ती करते. अवघड जातं बघायला, खरंच.

कातरवेळ
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, वाचता वाचता डोळे भरून आले. थायरॉइड नाही तपासलेला, करते. दोन शंका आहेत. झोपेत अटॅक येऊ शकतो का, कारण रात्री दचकून उठते आणि मग पहाटेपर्यंत झोप नाही. आणि पर्समधल्या गोळीचं काय करू, टाकून देऊ?

मधली_सुट्टी
झोपेतही येतात, बऱ्याच जणांना येतात, आणि त्याचा अर्थ काही वेगळं किंवा गंभीर आहे असा नाही. उठल्यावर घड्याळ बघू नका, फोन तर नकोच. अंथरुणात तळमळत राहण्यापेक्षा उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि डोळे मिटायला लागले की परत आडवं व्हा. घोरणं किंवा श्वास मध्येच बंद पडल्यासारखा होतो असं घरचे सांगत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

गोळी एकदम टाकू नका, डॉक्टरांशी बोला. पण ती जवळ आहे म्हणून मी वाचते असं मनात बसलं असेल तर हळूहळू सोडवावं लागेल. लिफ्टपासून सुरू करा. आधी एकच मजला, हवं तर पर्स बरोबर ठेवून. तो सवयीचा झाला की दोन मजले, मग पर्स घरी ठेवून. भीती शून्य व्हायची वाट बघू नका, भीती असतानाच आत जायचं आणि ती थोडी उतरेपर्यंत वर-खाली करत राहायचं.

उंबरठा
एक राहिलं. छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय, श्रम केल्यावर वाढतंय किंवा नेहमीच्या अटॅकपेक्षा वेगळं वाटतंय तर पॅनिक असेल म्हणून घरी बसू नका, दाखवा. आणि जगणंच नको असे विचार येत असतील, तुम्हाला किंवा वाचणाऱ्या कुणालाही, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि हॉस्पिटल गाठा.

कातरवेळ
नाही, तसे विचार नाहीत, पण विचारलंत ते बरं वाटलं. पाऊलवाट, तुमचे दोन्ही प्रश्न कागदावर लिहून घेतलेत, सोमवारी फोन करून विचारते. लिफ्टचं आज संध्याकाळी, एक मजला. नवऱ्याला बाहेर थांबायला सांगणार आहे, आत एकटी जाणार.