मदत हवी आहे : बाळंतीण राज्याची हद्द ओलांडून माहेरी जाते, तेव्हा तिच्या पहिल्या सहा आठवड्यांची काळजी कशी राखावी?

नमस्कार. मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे. आमच्या केंद्राखालील आशा कार्यकर्त्या आणि गावोगावच्या, पूर्वी घरी बाळंतपणे केलेल्या जाणत्या स्त्रिया यांना बाळंतिणीच्या काळजीबद्दल शिकविण्याचे काम माझ्याकडे आले आहे. शासकीय पुस्तिका कन्नडमधून येतात, माझे शिक्षण इंग्रजीतून झाले आणि शिकणाऱ्या बहुतेक जणी घरात मराठी बोलतात. तरीही भाषेपेक्षा मला अधिक काळजी वाटते ती पुढील गोष्टीची.

प्रसूतीच्या वेळच्या रक्तस्रावाबाबत आमच्या जिल्ह्यात मोलाचे काम झालेले आहे. २००२ ते २००५ या काळात येथील ग्रामीण भागातील १,६२० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत उपकेंद्रांच्या नर्सनी प्रसूतीनंतर लगेच रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्राव होण्याचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉक्टर जवळ नसतानाही नीट शिकलेल्या नर्सच्या हातून किती जीव वाचू शकतात, हे याच मातीत दिसले आहे. पण बाळंतीण दवाखान्यातून घरी गेली की तिच्याकडे पाहणारे डोळे एकाएकी कमी होतात, आणि सीमाभागात तर ती पुष्कळदा आमच्या नोंदवहीतूनच निघून जाते.

आमच्याकडील अनेक सुनांचे माहेर महाराष्ट्रातील चंदगड किंवा गडहिंग्लज तालुक्यात असते, आणि तिकडच्या अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी बेळगावच्या दवाखान्यांत येतात. नैसर्गिक प्रसूतीनंतर निदान ४८ तास दवाखान्यात राहून तिसऱ्या दिवशी बाळंतीण वडाप किंवा एसटीने माहेरी निघते. बाळंतिणीचा रक्तदाब बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत जास्त चढतो आणि गरोदरपणात तो साधारण असलेल्या स्त्रीलाही नंतर झटके येऊ शकतात, म्हणजे ज्या दिवसांत तो मोजायला हवा, नेमक्या त्याच दिवसांत ती कोणाच्याच यादीत नसते. दवाखान्यात प्रसूती झाल्यास आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचे असते. सासरच्या आशाला ती घरी सापडत नाही आणि माहेरच्या आशाला ती आल्याचे कळतच नाही. प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायच्या लोहाच्या गोळ्यांचा पुडाही सासरीच राहतो.

घरच्या चालीरीतींना सरसकट नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. तेलाचे मालीश, डिंकाचे आणि हळिवाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती यांत बाळंतिणीचे हितच आहे. मात्र तिला पाणी मोजून देणे, चिकदूध काढून टाकून बाळाला मध चाटवणे आणि बंद खोलीत शेगडीची धुरी देणे या तीन गोष्टी थांबल्याच पाहिजेत, आणि त्या सांगताना वयस्क बायकांचा मान राखला गेला नाही, तर त्या आमचे बाकीचेही ऐकणार नाहीत.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या नर्स, आशा आणि गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) यांना माझी विनंती आहे, की बाळंतीण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते तेव्हा तिची माहिती पुढे कशी पोहोचवता, ते कृपया सांगावे. धोक्याची लक्षणे न वाचता येणाऱ्या स्त्रियांना कशी शिकवता, हेही कळवावे.

प्रतिसाद (गटप्रवर्तक, चंदगड तालुका) :

ताई, बाळंतिणीजवळचे दवाखान्याच्या नोंदींचे कार्ड कन्नडमध्ये असल्यामुळे आमच्या आशांना ते वाचता येत नाही, हे खरे आहे. म्हणून निघताना कार्डासोबत मराठीत एक चिठ्ठी द्या. प्रसूतीची तारीख आणि प्रकार, शेवटचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके आहेत का, बाळाचे वजन, दिलेल्या लसी आणि तुमच्या केंद्राचा फोन एवढे तीवर पुरे. गरोदरपणातील नोंदणीचा आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) क्रमांकही लिहा, कारण तो देशभर चालतो. चिठ्ठी बाळंतिणीजवळ न देता तिच्या आईजवळ द्यावी, असे मी सुचवेन. आणि त्याच दिवशी माहेरच्या आशाला फोन करा. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच माहेरचे गाव विचारून तिथल्या आशाचा नंबर कार्डावर लिहून ठेवलात, तर ऐन वेळी शोधाशोध करावी लागत नाही.

शिकविण्याबद्दल सांगते. रक्तस्राव आकड्यांत सांगू नका. जुन्या सुती साडीच्या घड्या घ्या, लाल रंगाचे पाणी मोजून त्यांवर ओता आणि ५०० मिलिलिटर म्हणजे केवढे, ते बायकांच्या डोळ्यांसमोर दाखवा. एका तासात एक घडी पूर्ण भिजली, तर वाट न पाहता १०८ ला फोन करायचा, हे त्यांच्या पक्के लक्षात राहते. फार डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके, ताप, अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जाणे, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणे, धाप लागणे ही लक्षणे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. दोन आठवड्यांनंतरही बाळंतीण सतत रडत असेल, बाळाला जवळ घेत नसेल, तर तिला बाहेरची बाधा झाली असे न समजता दवाखान्यात आणावे, हे मुद्दाम सांगा. १४४१६ या टेलिमानस (शासनाची मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.

धागाकर्ती :

ताई, मनापासून आभार. चिठ्ठी आईजवळ देण्याची आणि सातव्या महिन्यातच नंबर लिहून ठेवण्याची सूचना मी लगेच अमलात आणते. रक्तदाबाबद्दल मात्र एक शंका उरते. आशाकडे यंत्र नसते, त्यामुळे तिसऱ्या ते सातव्या दिवसांतील मोजणीसाठी बाळंतिणीला उपकेंद्रात बोलवावे लागते, आणि पाचवी पुजल्याशिवाय तिला घराबाहेर काढायला घरचे तयार होत नाहीत. तुमच्याकडे उपकेंद्राची नर्स स्वतः घरी जाऊन मोजते का? तसे असेल तर त्या फेऱ्या तिच्या कामाच्या वेळापत्रकात कशा बसवल्या, ते सविस्तर लिहावे. त्यावरून मला आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे नेमकी मागणी ठेवता येईल.