मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडीच्या एलएफपी पॅकमधला एक सेल मागे पडलाय, पॅक स्वतः उघडावा का?

मोटरवाला सातारा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

दीड वर्षापूर्वी सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतली. आता ती चार वर्षांची आहे, ६१,००० किमी झालीय. बॅटरी पॅक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), साधारण ३० किलोवॅट-तासांचा, १०० सेल सिरीजमध्ये, म्हणजे ३२० व्होल्ट. रोज सातारा ते कराड जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात. सोसायटीने पार्किंगमध्ये सॉकेट लावू दिलं नाही, म्हणून पहिल्यापासून सगळं चार्जिंग हायवेवरच्या फास्ट चार्जरवर. ८० टक्के झाले की निघायचं. त्यापुढे चार्जर रेंगाळतो आणि मागे रांग लागलेली असते.

गेल्या महिन्यात पुण्याहून येत होतो. मागच्या सीटवर आई. खंबाटकीच्या पायथ्याला २४ टक्के होते. घाट चढायला लागलो आणि अर्ध्यात आकडा एकदम ११ वर आला. डॅशबोर्डवर पिवळं कासव लागलं आणि पॅडल पूर्ण दाबूनही गाडी तिशीच्या वर जाईना. मागे उसाचे ट्रक हॉर्न वाजवतायत, आई विचारतेय काय झालं, आणि मला सांगता येईना. डावीकडे धरून कसाबसा वर पोचलो. उताराला ब्रेकिंगचं चार्जिंग मिळालं तेव्हा जीव भांड्यात पडला.

वर्कशॉपमध्ये दाखवली. तोंडी सांगितलं, "एक सेल वीक आहे, पूर्ण पॅक बदलावा लागेल." खर्च पाच लाखांच्या वर. लेखी काही दिलं नाही.

मी आयटीआय इलेक्ट्रिशियन. कराडला बावीस वर्षं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. ओबीडी डोंगल (गाडीची आतली माहिती वाचणारं उपकरण) लावून मोबाईलवर एकेक सेल बघितला. १५ टक्के असताना सगळे ३.२० ते ३.२१ व्होल्टवर, ४७ नंबर एकटा ३.०२ वर. विचार असा की पॅक उतरवायचा, झाकण काढायचं आणि ४७ ला वेगळा चार्जर ३.६५ व्होल्टवर सेट करून बाकीच्यांच्या बरोबरीला आणायचा. दुकानात रॅम्प आहे, दोन चेन ब्लॉक आहेत. हे कुणी केलंय का? हातमोजे कुठल्या क्लासचे घ्यावेत, झाकणाचं सील परत कसं बसवतात, हे सांगा.

घाटमाथा

आधी बॉनेटखालची १२ व्होल्टची बॅटरी मोजा. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी किती दाखवते? माझ्या गाडीत ती मेली होती आणि भलतेसलते एरर येत होते.

मोटरवाला सातारा

मोजली दादा. ११.९. बदलून टाकतो. पण ४७ नंबरचं कारण ती नसावी.

बॅटरीवाली चाकण

दादा, झाकणाला हात लावू नका. अजून तरी नाही. मी पॅक असेंब्लीत काम करते, म्हणून हक्काने सांगतेय.

तुम्ही फक्त खालच्या टोकाचं रीडिंग दिलंय. वरच्या टोकाचं कुठाय? एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं. ३० टक्के आणि ७० टक्के यांत जेमतेम चाळीसेक मिलिव्होल्टचा फरक. तिथे कोण मागे, कोण पुढे ते बीएमएसलाही (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेलाही) नीट कळत नाही. कळतं ते दोन टोकांना. म्हणून गाडी सावकाश १०० टक्के भरा आणि शेवटच्या अर्ध्या तासात ४७ वर नजर ठेवा.

बाकीचे ३.५ च्या वर गेले आणि ४७ खालीच राहिला, तर तो आजारी नाही, फक्त उपाशी आहे. खालीही मागे आणि वरही मागे, म्हणजे नुसता असमतोल. पण ४७ सगळ्यांच्या आधी वर पोचला आणि रिकामं होतानाही सगळ्यांच्या आधी खाली गेला, तर त्याची क्षमताच घटलीय. मग बाहेरून कितीही चार्ज करा, उपयोग नाही. तिसरी शक्यता ढिल्या बसबारची, म्हणजे सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीची. त्यात चढावर व्होल्टेज पडतं, चार्जिंगला उलट वर जातं आणि गाडी उभी केली की बरोबरीला येतं. तुमचं ३.०२ उभ्या गाडीचं की चालत्या?

मोटरवाला सातारा

उभ्या गाडीचं. तासभर थांबून घेतलं होतं.

बॅटरीवाली चाकण

मग बसबारवरचा संशय कमी झाला. तुमच्या चार्जिंगची सवय ऐकून मला असमतोलच वाटतोय. बहुतेक गाड्यांत पॅसिव्ह बॅलन्सिंग असतं. भरलेल्या सेलची जास्तीची वीज छोट्या रेझिस्टरमधून जाळतात आणि मागच्याला गाठू देतात. हे काम साधारण वरच्या टोकालाच चालतं, आणि तुमची गाडी दीड वर्षात तिथवर गेलेलीच नाही.

हिशेब करा. ३० किलोवॅट-तास भागिले ३२० व्होल्ट, म्हणजे सुमारे ९४ अँपिअर-तासांचा सेल. ४७ आठ टक्के मागे असेल, तर साडेसात अँपिअर-तासांची तूट. बॅलन्सिंगचा करंट १०० मिलिअँपिअर धरला तर ७५ तास लागतील. एका रात्रीत होणार नाही. चार्जिंग संपलं की गाडी झोपते, तेव्हा थोडी फिरवून पुन्हा लावायची.

आणि सॉकेट नाही असं कसं म्हणता? रिवाइंडिंगचं दुकान आहे ना! १५ अँपिअरचं सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि वेगळा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), एवढं पुरे.

राहता राहिला हातमोज्यांचा प्रश्न. क्लास ०, म्हणजे १००० व्होल्ट एसीपर्यंतचे, वर चामड्याचे, आणि प्रत्येक वेळी घालण्याआधी हवा भरून भोक तपासायचं. पण तुमची ४१५ व्होल्ट एसीची सवय इथे घात करेल. एसीत व्होल्टेज सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातं, ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीला ती नाही, आर्क ओढला की ओढतच जातो. तिथे तुम्ही मेन स्विच पाडून काम करता. पॅकला पाडायला मेन स्विचच नाही. पॅक मधोमध तोडणारा सर्व्हिस प्लग काढला तरी आत अर्ध्या-अर्ध्या पॅकचे दीडेकशे व्होल्ट जिवंतच असतात. एक पाना दोन बसबारवर आडवा पडला तर तो उचलायला हात पुढे जायच्या आत त्याचं टोक वितळलेलं असतं. मी पाहिलंय.

ऑकलंडकर

ताईंच्या म्हणण्याला दुजोरा. इथे न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गाड्या पुष्कळ आहेत. त्यातल्या माझ्या एका गाडीचं मॉड्यूल (काही सेलचा एक संच) मी बदललं, शिकलेला मित्र शेजारी उभा करून. ते बदलणं दोन तासांचं काम होतं. सील करायला दोन दिवस लागले. जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं, नवं सलग ओढायचं, मग हवेचा दाब देऊन गळती तपासायची. तरी पहिल्या पावसानंतर कोपऱ्यातून ओल शिरली आणि इन्सुलेशनचा एरर आला. सगळं पुन्हा उघडलं. साताऱ्याच्या पावसात तर विचारच नको.

मोटरवाला सातारा

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

१२ व्होल्टची बॅटरी बदलली. दुकानात सॉकेट लावलं, अर्थिंगचा नवा खड्डा केला. इतकी वर्षं तिथे बसतोय आणि गाडी तिथे लावायचं सुचलं नाही. व्यापारी दराचं बिल येईल म्हणून तो विचारच बाजूला ठेवला होता.

पहिल्या रात्री मोबाईल घेऊन स्टुलावर बसून राहिलो. पावणेदोनला सगळे सेल वर सरकायला लागले. ३.४०, ३.४५, ३.५०. सर्वात वरचा ३.५८ ला गेला आणि ४७ तिथेच, ३.३६ वर. ताई, तुमचे शब्द आठवले, आजारी नाही, उपाशी आहे. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

पुढचे दोन आठवडे गाडी दुकानात ठेवली आणि एसटीने ये-जा केली. दुपारी गावात एक चक्कर मारून पुन्हा लावायची, असं रोज. अकराव्या रात्री वरचा ३.५३, ४७ नंबर ३.४८. काल १५ टक्क्यांपर्यंत उतरवून तासाभराने पाहिलं, बाकीचे ३.२०, ४७ नंबर ३.१७. फरक १८० मिलिव्होल्टवरून ३० वर आलाय. मागच्या रविवारी मुद्दाम २५ टक्क्यांवर खंबाटकी चढलो. आकडा एकेकाने उतरत माथ्यावर २१ झाला. कासव लागलं नाही.

पॅकचं सील शाबूत आहे. आता एकच विचारायचंय. कागदपत्रांत बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी लिहिलीय, पण पहिल्या मालकाच्या नावावर. सेकंड ओनरच्या नावावर ती करून घेतलेलं कुणी आहे का? आरसीची प्रत पुरते की मूळ मालकाची सही लागते? ४७ पुन्हा मागे पडलाच तर या वेळी मला लेखी उत्तर हवंय, म्हणून सगळ्या रीडिंगचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवलेत.

घाटमाथा

मी करून घेतलीय दादा. नेमकी कुठली कागदं दिली ते फाईल काढून संध्याकाळी लिहितो.