पगार वेळेवर, तरी कामात मन नाही. असं कोणाचं होतं का?

सजेवरचा: दापोली तालुक्यात तलाठी आहे, आता नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण वाडीत अजून तलाठीभाऊच. सात वर्षं झाली नोकरीला. घरचे खूष, पण सकाळी चावडीचं कुलूप काढतानाच जीवावर येतं. गंमत म्हणजे निसर्ग वादळात, जून २०२०, महिनाभर आडव्या पडलेल्या पोफळी मोजत बागेबागेतून फिरलो, चिखलात चपला गेल्या, लाईट नाही, रेंज नाही, पण तेव्हा कंटाळा म्हणून आला नाही. आता सगळं सुरळीत आणि फेरफार, म्हणजे सातबारावरची नावं बदलायच्या नोंदी, पडून राहतायत.

रोहेकर: तेव्हा ज्याची बाग मोजलीस त्याचं तोंड समोर होतं रे. आता अर्धा दिवस व्हीसी (व्हिडिओवरची मीटिंग) आणि माहिती पाठवा, तीच माहिती परत वेगळ्या तक्त्यात पाठवा. ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाईलवर नोंद, शेतकऱ्याने स्वतः करायची, तो फोन आपल्याच हातात देतो. आणि वारस नोंद आली की चाळीस हिस्सेदार, निम्मे मुंबईत, पत्ता काय तर 'लालबागची चाळ', नोटीस पाठवायची कुठे? सगळे सापडतात ते गणपतीत, तेव्हा नेमकी आपली रजा.

रिटायर्ड_आबा: मुलीच्या एमबीएच्या पुस्तकात हर्झबर्ग म्हणून एकाचं वाचलं, १९५९ सालचं. पगार, नोकरीची हमी नसली तर माणूस वैतागतो, पण असली म्हणून कामात रमतोच असं नाही, त्याला कामच धड लागतं आणि कोणीतरी दाद द्यावी लागते. आमच्याकडे दाद म्हणजे काय, तर जो करतो त्याच्याच टेबलावर शेजारच्याची पण फाईल. सीआर (वर्षाचा गोपनीय अहवाल) दोघांचा सारखाच, १०-२०-३० चा, म्हणजे दहा-वीस-तीस वर्षं झाली की वरच्या पगाराचा, लाभ पण दोघांना सारखाच. माझ्या शेजारचा तर दुपारी कोकम सरबत पिऊन डुलक्या काढायचा, पेन्शन त्यालाही मिळते!

माडाखालचा: मन लागेल तेव्हा लागेल हो, पण आमच्या काकांचा फेरफार आठ महिने अडकलाय. हरकतीची मुदत १५ दिवस, नोंद प्रमाणित सर्कल (मंडळ अधिकारी) करतो हे सगळं मान्य, पण नोटीसच निघाली नाही तर दिवस मोजायचे कुठून? तुमच्या सजेत (तलाठ्याच्या हद्दीत) नाही आम्ही, तरी वाचून डोकं फिरलं.

सजेवरचा: बोललात ते लागलं. काल बसून सहा नोटिसा काढल्या, एक म्हातारी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत होती, मग फणस देऊन गेली. फणस चावडीतच आहे, कापायला कोणी नाही.