सां-क्युलॉतांचा पोशाख नेमका कसा होता? (एकांकिकेसाठी)

कपडेपट : आमच्या महाविद्यालयाच्या एकांकिकेचे कथानक फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये घडते आणि वेशभूषा माझ्याकडे आहे. सां-क्युलॉत, म्हणजे गुडघ्यापर्यंतची तंग तुमान न घालणारे, हे क्रांतिवादी सामान्य जनांचे नाव कष्टकऱ्यांच्या लांब विजारीवरून पडले असे मी वाचले आहे. म्हणून क्रांतीच्या बाजूच्या सर्व पात्रांना विजार, आखूड कोट आणि लाल टोपी द्यावी असा बेत होता. मात्र क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर प्रत्येक चित्रात पावडर लावलेल्या केसांचा आणि अगदी टापटीप दिसतो. चित्रकारांची चूक, की माझी? शिवाय बाजारातल्या बायकांनाही विजारी द्याव्यात असे दिग्दर्शकांचे म्हणणे आहे.

चित्रशाळा : चित्रकारांची चूक नाही. रोबेस्पिएर वकील होता आणि त्याने जुन्या वळणाचा पोशाख अखेरपर्यंत सोडला नाही. दाविद या चित्रकाराने मांडणी केलेल्या, ८ जून १७९४ च्या परमतत्त्वाच्या, म्हणजे ईश्वरी शक्तीच्या, सरकारी उत्सवातही तो निळा कोट आणि पिवळसर सुती तुमान घालून मिरवला. विजार ही कारागिरांची, हमालांची, खलाशांची. त्यांच्या नावाने बोलणाऱ्या पुढाऱ्यांपैकी पुष्कळांनी ती अंगाला लावली नाही.

आपल्या डोळ्यांसमोर जो सां-क्युलॉत उभा राहतो, तो बऱ्याच अंशी बोआयी या चित्रकाराच्या १७९२ मधील चित्रातून आलेला आहे. पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयातील या चित्रात तिरंगी निशाण धरलेला, विजार आणि लाकडी जोडे घातलेला जो मनुष्य दिसतो, तो कष्टकरी नव्हेच. तो शेनार नावाचा रंगभूमीवरचा गायक असून, आल्प्समधल्या सव्हॉय प्रांताच्या मुक्ततेनिमित्त झालेल्या समारंभात निशाण धरण्यासाठी त्याने हा वेश केला होता. आपण ज्या नमुन्यावरून वेशभूषा करू पाहता, तो मुळातच वेशभूषा आहे!

जुने पान : दिग्दर्शकांना आवरा. त्या शरद ऋतूत स्त्रियांच्या पोशाखावरून खरोखरच मारामाऱ्या झाल्या, पण त्या विजारीवरून नव्हेत. क्रांतिवादी स्त्रियांच्या एका मंडळाने इतर बायकांनीही लाल टोपी घालावी असा आग्रह धरला आणि बाजारात बसणाऱ्या विक्रेत्या बायकांनी त्यांना बदडून काढले. त्यानंतर २९ ऑक्टोबर १७९३ रोजी कन्व्हेन्शनने, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच संसदेने, ठराव केला, की कोणावरही विशिष्ट पोशाखाची सक्ती करता येणार नाही. मात्र पुरुषाने पुरुषाचा आणि स्त्रीने स्त्रीचाच वेश करावा. पुढच्याच दिवशी स्त्रियांची मंडळे बंद करण्यात आली. १८०० मध्ये तर पॅरिसच्या पोलिसांनी परवान्याशिवाय पुरुषी वेश करण्यास स्त्रियांना मनाई केली, आणि तो हुकूम निरर्थक ठरल्याचे सरकारने अधिकृतपणे सांगायला २०१३ साल उजाडले.

तेव्हा विक्रेत्या बायकांना घोळदार झगा आणि पुढे ॲप्रन द्या. क्रांतीची खूण म्हणून लावायचे तिरंगी फितीचे फूल मात्र विसरू नका. सप्टेंबर १७९३ पासून स्त्रियांवरही त्याची सक्ती होती.

कपडेपट : मग एकीच्या टोपीवरचे फूल भर बाजारात गळून पडते, असा प्रवेश लेखकाकडे मागून पाहतो.